नासाचे संस्कृत आणि नागोजीभट्ट काळ्यांचा विसरलेला ग्रंथ

धागा मोठा आहे. विषय आहे संगणकातील ‘बुद्धिमान एजंट’, त्यांना आज्ञा देण्याच्या भाषा, आणि त्या भाषांच्या तळाशी असलेले तर्कशास्त्र. महाराष्ट्राच्या इतिहासाशी याचा काय संबंध, हे हळूहळू उलगडेल.

संस्कृत दिन जवळ आला की एक संदेश मोबाइलवरून फिरू लागतो : संगणकासाठी जगातील सर्वांत योग्य भाषा संस्कृत आहे, असे ‘नासा’ने मान्य केले आहे. पाठवणाऱ्याने तो वाचलेला असतोच असे नाही आणि ज्याला मिळतो तोही तो न वाचताच पुढे ढकलतो. या संदेशामागे एक खरा कागद आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने तो कागद उघडून पाहायला हवा, कारण त्यात संदेशापेक्षा अधिक रंजक गोष्ट दडलेली आहे.

१९८५ साली अमेरिकेतील ‘एआय मॅगझीन’ या नियतकालिकात रिक ब्रिग्ज यांचा लेख प्रसिद्ध झाला. ब्रिग्ज त्या वेळी नासाच्या एम्स केंद्रातील एका संशोधन संस्थेत होते. ‘नासा’ या नावाचा संबंध एवढाच. संस्कृतात प्रोग्रॅम लिहावेत असे त्यांनी म्हटले नव्हते. वाक्याचा अर्थ यंत्राला कळावा म्हणून त्या काळचे संशोधक अर्थाची जाळी आखत : क्रिया मध्यभागी, तिच्याभोवती कर्ता, कर्म, साधन, ठिकाण, हेतू. भारतीय वैयाकरण वाक्याचा शाब्दबोध सांगताना नेमकी अशीच मांडणी करीत, हे ब्रिग्ज यांचे निरीक्षण होते. एक जण दुसऱ्यासाठी भात शिजवतो, एवढ्या साध्या वाक्याची फोड करून त्यांनी ते दाखवले.

आता मुद्द्याची गोष्ट. ब्रिग्ज यांनी ज्या शास्त्रग्रंथांचा आधार घेतला त्यांत ‘वैयाकरणसिद्धान्तमञ्जूषा’ आहे, आणि तिचे कर्ते आहेत नागेशभट्ट, म्हणजेच नागोजीभट्ट काळे. आडनावावरून ओळख पटावी. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात जन्मलेला आणि अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात काशीत लिहिणारा हा महाराष्ट्रीय पंडित. वडील शिवभट्ट, आई सती, गुरू भट्टोजी दीक्षितांचे नातू हरि दीक्षित. सवाई जयसिंहाने यज्ञासाठी बोलावले असता, काशी न सोडण्याचे व्रत आहे, असे सांगून त्यांनी नकार दिला, अशी आख्यायिका आहे. नासाचे नाव लाखो वेळा पुढे गेले आणि काळ्यांचे नाव मात्र एकदाही गेले नाही. परदेशी शिक्क्याशिवाय आपल्याच माणसाकडे पाहायचे नाही, ही जुनी खोड यात स्पष्ट दिसते.

पण नागोजीभट्टांचा या विषयाशी खरा संबंध मञ्जूषेपेक्षा त्यांच्या दुसऱ्या ग्रंथामुळे येतो. तिथे जाण्याआधी एजंट म्हणजे काय ते पाहू.

मराठीत ‘एजंट’ म्हटले की विम्याचा किंवा आरटीओबाहेरचा माणूस डोळ्यांसमोर येतो, आणि ती प्रतिमा फारशी चुकीची नाही. काम त्याच्यावर सोपवायचे, पायऱ्या सांगायच्या नाहीत. नेहमीचा प्रोग्रॅम सांगितलेल्या पायऱ्या सांगितलेल्या क्रमाने उतरतो. एजंटला उद्दिष्ट दिले जाते, पायऱ्या त्याच्या त्याने निवडायच्या. पाणिनीनेही कर्त्याची ओळख क्रियेतील स्वातंत्र्यावरून करून दिली आहे. ‘एजंट’ या शब्दाला संस्कृत व्याकरणातील ‘कर्ता’ हाच सर्वांत जवळचा प्रतिशब्द ठरावा.

उदाहरण घरचेच घेऊ. नगरच्या केडगावातील एका विद्यार्थ्याला पुण्याच्या ग्रंथालयात सकाळी दहाला पोहोचायचे आहे. प्रवासाची व्यवस्था लावणाऱ्या एजंटजवळ काही ‘समजुती’ आहेत : विद्यार्थी केडगावात आहे; केडगाव नावाचे रेल्वेस्थानक आहे; तिथून पुण्याला गाडी जाते. तीनही समजुती खऱ्या आहेत आणि तरीही निष्कर्ष चुकतो, कारण ते स्थानक पुणे–दौंड मार्गावरचे, दौंड तालुक्यातील केडगावचे. नगरच्या केडगावकराला हा घोळ नवा नाही. चांगल्या एजंटने नवी माहिती मिळताच समजूत बदलावी, जुनी योजना सोडावी आणि पुणे रस्त्यावरची एसटी शोधावी. हे सारे तर्काच्या चौकटीत कसे लिहायचे, हाच एजंट-भाषांचा प्रश्न आहे.

या भाषांचा इतिहास थोडक्यात असा. १९८७ मध्ये मायकेल ब्रॅटमन या तत्त्वज्ञाने माणसाच्या कृतीमागे समजूत, इच्छा आणि संकल्प असे तीन वेगळे घटक मानले. त्याच सुमारास मायकेल जॉर्जेफ आणि एमी लान्स्की यांनी कॅलिफोर्नियात या धाटणीची एक प्रणाली उभारली. अंतराळयानातील बिघाड शोधण्याच्या कामी ती अजमावली गेली. १९९१ मध्ये आनंद राव आणि जॉर्जेफ यांनी ऑस्ट्रेलियात या तीन घटकांचे तर्कशास्त्र मांडले. १९९३ मध्ये योआव शोहम यांनी ‘एजंट-केंद्री प्रोग्रॅमिंग’ या शैलीचा पुरस्कार केला. १९९६ मध्ये राव यांनी आइंडहोवन येथील परिषदेत ‘एजंटस्पीक’ ही भाषा सादर केली. पुढे तिच्यावरूनच ‘जेसन’ तयार झाली. (‘राव’ या नावावरून कुणी मराठी कुळ शोधायला निघू नये.)

राव यांची अडचण वाचनीय आहे. एकीकडे कागदावरचे तर्कशास्त्र होते, सुंदर पण यंत्रावर न चालणारे. दुसरीकडे चालत्या प्रणाली होत्या, पण त्या काय करतात याची सिद्धता कुणाला देता येत नव्हती. राव यांनी चालत्या प्रणालीकडून सुरुवात केली आणि तिलाच तर्कभाषेचे रूप दिले. एजंटस्पीकमधला प्रत्येक नियम तीन अंगांचा असतो : काय घडले, कोणत्या परिस्थितीत, आणि मग काय करायचे. ‘पुण्याला पोहोचायचे आहे, एसटी सुटायची आहे, तिकीट काढ.’ बस्स.

अडचण पुढे येते. एका वेळी दोन नियम लागू झाले तर? ‘पुण्याला जायचे असेल तर एसटी पकड’ हा एक नियम. ‘सोबत आजारी माणूस असेल तर मोटार ठरव’ हा दुसरा. विद्यार्थ्याबरोबर आजारी आजोबा निघाले तर दोन्ही लागू पडतात. जेसनमध्ये वेगळी सोय केली नाही, तर लागू पडणाऱ्यांपैकी जो नियम आधी लिहिला असेल तो निवडला जातो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने एसटीची ओळ वर लिहिली असेल तर आजोबा एसटीत. निर्णयामागे कारण नाही, केवळ ओळींचा क्रम आहे.

आता नागोजीभट्टांचा दुसरा ग्रंथ : ‘परिभाषेन्दुशेखर’. पाणिनीचे जवळजवळ चार हजार नियम एकमेकांना वारंवार अडवतात. एकाच शब्दावर, एकाच क्षणी दोन नियम दावा सांगतात. अशा वेळी कोणता चालवायचा, याचे ‘नियमांविषयीचे नियम’ म्हणजे परिभाषा. नागोजीभट्टांनी त्या एकत्र करून, एकेकीचा आधार काय, ती पाणिनीलाच अभिप्रेत आहे की पुढच्यांनी जोडली, तिच्याविना काय अडते, याची कठोर तपासणी केली.

त्यात बलाबलाची एक उतरंड आहे. पाठात नंतर येणारा नियम ‘पर’. तो आधीच्याहून बलवान. त्याहून बलवान ‘नित्य’, म्हणजे दुसरा नियम आधी लागला काय आणि न लागला काय, ज्याला प्रसंग उरतोच असा. त्याहून बलवान ‘अंतरंग’, ज्याची निमित्ते आत, अधिक जवळ असतात. आणि सर्वांवर ‘अपवाद’ : ज्याचे सारे क्षेत्र सामान्य नियमाच्या क्षेत्रातच आहे आणि ज्याला तिथे जागा दिली नाही तर ज्याचे सांगणेच व्यर्थ ठरेल. आजोबांना मोटारीत बसवणारा नियम अपवाद आहे. तो कितव्या ओळीवर लिहिला आहे, याला मग महत्त्व उरत नाही.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की ‘पर’ हा निकष, म्हणजे केवळ क्रम, या उतरंडीत सर्वांत दुबळा आहे. जेसनच्या मूळ व्यवस्थेत क्रम हाच एकमेव निकष. वैयाकरणांना क्रम पुरेसा वाटला नाही. नियमाला बळ का मिळते, हे त्यांना सांगावेसे वाटले. या जुन्या वादात अजून धग आहे : २०२२ मध्ये केंब्रिजमध्ये ऋषी राजपोपट यांच्या प्रबंधाने ‘पर’ शब्दाचाच निराळा अर्थ लावला आणि बऱ्याच परिभाषा अनावश्यक ठरवल्या. वर्तमानपत्रांनी कोडे सुटल्याचे जाहीर केले. अनेक जाणकार वैयाकरणांना ते तितके सुटलेले वाटत नाही.

या ग्रंथाची आधुनिक कहाणी पुण्याची आहे. डेक्कन कॉलेजातील जर्मन प्राध्यापक फ्रान्झ कीलहॉर्न यांनी १८६८ ते १८७४ या काळात मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत त्याचे संपादन आणि इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. पुढे वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी त्यावर टीका लिहिली आणि त्यांचे पुत्र काशीनाथ वासुदेव अभ्यंकर यांनी भांडारकर संस्थेसाठी पुन्हा संपादन केले. पाणिनीचे व्याकरण आणि संगणकशास्त्र यांवर सरोजा भाटे आणि सुभाष काक यांचा निबंधही याच संस्थेच्या नियतकालिकात १९९३ साली आला. फिरणाऱ्या संदेशांत यांपैकी कुणीही नसते.

दुसरा धागा न्यायशास्त्राचा. एकोणिसाव्या शतकात मुंबईत भीमाचार्य झळकीकरांनी ‘न्यायकोश’ तयार केला. त्याची १९२८ ची आवृत्ती भांडारकर संस्थेने काढली आणि ती सुधारणारे पुन्हा वासुदेवशास्त्री अभ्यंकरच. हा कोश उघडला की नैयायिकांचा क्रम सापडतो : ज्ञानातून इच्छा, इच्छेतून प्रयत्न, प्रयत्नातून हालचाल. ब्रॅटमन यांच्या त्रयीशेजारी ही साखळी ठेवली की वाचक चमकतो.

चमकावे, पण लगेच थांबावे. नव्यनैयायिक विचारतात की माणूस कृतीला प्रवृत्त केव्हा होतो. हे माझ्याकडून होण्याजोगे आहे, हे कळले तर. याने मला हवे ते साधेल, हे कळले तर. आणि यातून अधिक मोठे अनिष्ट ओढवणार नाही, हेही कळले तर. मध आणि विष कालवलेले अन्न भूक भागवते, ते खाणे शक्यही असते. तरी शहाणा माणूस त्याला हात लावत नाही. राव आणि जॉर्जेफ यांनीही, अशक्य वाटणाऱ्या गोष्टीचा संकल्प एजंटने करू नये, अशी अट घातली आहे. इथवर वाट एक.

मग ती फुटते. ब्रॅटमन यांना संकल्प वेगळा का मानावा लागला? माणसाजवळ वेळ आणि बुद्धी तोकडी आहे म्हणून. दर क्षणी सारे पुन्हा तोलत बसलो तर काहीच होणार नाही. एकदा ठरवलेले काही काळ धरून ठेवावे लागते. संकल्प म्हणजे धरून ठेवणे. न्यायातील ‘कृति’ ही इच्छेनंतरचा प्रयत्न आहे. तिच्यात ही चिकाटी, केव्हा सोडावे आणि केव्हा सोडू नये हा हिशेब, मध्यवर्ती नाही. १९९१ मध्ये डेव्हिड किनी आणि जॉर्जेफ यांनी नेमका हाच हिशेब यंत्रावर तपासला : जग सावकाश बदलत असेल तर ठरवलेले न सोडणारा एजंट सरस, झपाट्याने बदलत असेल तर वारंवार फेरविचार करणारा. इतिहासाच्या वाचकांना १४ जानेवारी १७६१ आठवेल. गोल बांधून लढत पुढे सरकायचे, असे ठरले होते. विंचूरकर आणि गायकवाडांच्या तुकड्या गोल सोडून शत्रूवर धावल्या, असे सांगितले जाते. त्यांचे चुकले ते फेरविचार केला म्हणून की सर्वांनी मिळून केला नाही म्हणून, यावर वेगळा धागा होऊ शकेल.

तिसरा धागा मीमांसेचा, आणि तो शिवराज्याभिषेकापर्यंत जातो. १६७४ मध्ये रायगडावर आलेले गागाभट्ट आपल्याला पुरोहित म्हणून ठाऊक आहेत. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातील हा पंडित मुळात मीमांसक होता आणि ‘भाट्टचिन्तामणि’ हा मीमांसेवरील त्याचा ग्रंथ आहे. याच घराण्यातील नीलकंठभट्टांचा ‘व्यवहारमयूख’ इंग्रजी अमलात मुंबईच्या न्यायालयांनी हिंदू कायद्यासाठी प्रमाण मानला. निजामशाहीत दलपतिराजाने ‘नृसिंहप्रसाद’ हा धर्मशास्त्राचा मोठा निबंधग्रंथ रचला तेव्हाही काम तेच होते : परस्परविरोधी आज्ञांतून चालण्याजोगा निर्णय काढणे.

मीमांसकांचे प्रसिद्ध उदाहरण श्येनयागाचे आहे. शत्रूला मारू इच्छिणाऱ्याने श्येनयाग करावा, असे एक वचन; कोणत्याही जिवाची हिंसा करू नये, असे दुसरे. वेद तर स्वतःशी विसंगत असू शकत नाही. मग? प्रभाकराच्या परंपरेने दिलेले उत्तर मार्मिक आहे. पहिले वचन ‘मार’ असे सांगत नाही; ज्याच्या मनात मारण्याची इच्छा आधीच आहे त्याच्यापुरते ते बोलते, आणि ती इच्छा वेदाने दिलेली नाही. निषेध जागच्या जागी शाबूत राहतो.

२०१५ मध्ये व्हिएन्नातील अगाता चाबात्तोनी, एलिसा फ्रेस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मीमांसेतील न्याय घेऊन त्यांवरून कर्तव्याचे औपचारिक तर्कशास्त्र रचले आणि ही दोन्ही वचने एकत्र मान्य करूनही त्यात विरोध निष्पन्न होत नाही, हे सिद्ध केले. संगणकशास्त्रज्ञ आणि संस्कृतज्ञ एका टेबलाशी बसले, तेव्हा हे झाले. एजंटांच्या जगात कर्तव्याचा प्रश्न आधीच येऊन ठेपला होता. २००१ मध्ये समजूत, इच्छा, संकल्प यांच्या पंक्तीला बंधन हा चौथा घटक जोडणारी रचना नेदरलँड्समधील संशोधकांनी मांडली होती. यंत्र मालकाची आज्ञा पाळणार की सार्वत्रिक निषेध, हा आज कुणालाही पडणारा प्रश्न आहे.

आणि वाई? केवलानंद सरस्वती, पूर्वाश्रमीचे नारायणशास्त्री मराठे, यांनी प्राज्ञपाठशाळेत ‘मीमांसाकोश’ रचला. १९५२ पासून त्याचे सात खंड निघाले. मीमांसेच्या न्यायांना हात घालायचा तर हा कोश टाळता येत नाही. वाईला जाणारी तरुण मंडळी मेणवलीचा घाट पाहून परततात.

आता मत. पूर्वजांनी कृत्रिम बुद्धिमत्ता शोधली, हे म्हणणे इतिहास नव्हे. एजंटस्पीकची मुळे ब्रॅटमन, जॉर्जेफ यांची प्रणाली आणि १९७० च्या दशकात ‘प्रोलॉग’पासून वाढलेले तर्काधारित प्रोग्रॅमिंग यांत आहेत, नागोजीभट्टांपासून तिथवर वंशवेल काढता येत नाही. दोन ठिकाणी तोच प्रश्न पडला, म्हणून उत्तरांत साम्य आले. पण ‘हे सगळे थोतांड’ म्हणून हात झटकणारेही तितकेच आळशी. परिभाषेन्दुशेखरात बलाबलाचा जो विचार आहे, तो आजच्या भाषेच्या रचनाकाराने वाचला तर त्याला काही तरी मिळेल. अभिमान बाळगणाऱ्यांनी हेही विसरू नये की ही शास्त्रे ज्या पाठशाळांत शिकवली गेली, त्यांची दारे या प्रदेशातील बहुसंख्य मुलांना आणि जवळजवळ सर्व मुलींना बंद होती. कितीतरी संभाव्य नागोजी दाराबाहेर राहिले.

दुसरी उपेक्षा अलीकडची आहे आणि ती अधिक टोचते. १९८०च्या दशकात मुंबईत, जुहूला, राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र उभे राहिले. संचालक होते श्रीनिवासन रमणी. १९८६ च्या सुमारास ज्ञानाधारित संगणक प्रणालींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, त्यात हे केंद्र होते, टीआयएफआरही होते. या केंद्राने तज्ज्ञाच्या ज्ञानाचे नियम भरण्यासाठी एक प्रणाली बनवली आणि तिचे नाव ठेवले ‘विद्वान’. ‘असे असेल तर तसे’ या नियमांवर चालणारी, निष्कर्ष काढणारी, याच भूमीत लिहिली गेलेली ही प्रणाली. २००३ मध्ये केंद्र सी-डॅकमध्ये विलीन झाले. पेशवे दप्तरातील एकेका कागदावर पुस्तके निघतात. ‘विद्वान’वर मराठीत एक नीटसे प्रकरणही सहज हाती लागत नाही.

इथे नैयायिकांचा एक बारकावा उपयोगी पडतो. प्रोलॉगच्या कुळातील भाषा, जे सिद्ध करता आले नाही ते असत्य धरतात. वेळापत्रकात केडगावची एसटी सापडली नाही, की एसटीच नाही. नैयायिक एक अट घालतात : वस्तू असती तर ती इथे दिसलीच असती, अशी स्थिती असेल तरच न दिसण्यावरून तिचा अभाव ठरवावा. अंधारात घट दिसला नाही म्हणून घट नाही, असे म्हणता येत नाही. दप्तरखान्यात कागद मिळाला नाही म्हणून घटना घडलीच नाही, असे ठामपणे लिहिणाऱ्या प्रत्येकाने ही अट मेजावर चिकटवून ठेवावी.

संगणकाच्या मराठी मुलखातील इतिहासाची स्थिती आज अशीच अंधारातल्या घटासारखी आहे. १९८६ मध्ये तिशीत असलेले प्रोग्रॅमर आता सत्तरीच्या घरात आहेत. त्यांच्या टिपणवह्या घरोघरीच्या माळ्यांवर असतील, आणि त्या काळच्या फ्लॉप्या वाचू शकणारी यंत्रे दरवर्षी भंगारात जात आहेत.